खाडीचे चौतीस श्रेयांक

टोपी डोक्यावर घातली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. काढली तेव्हा दीड वाजून गेला होता. चाळीस मिनिटांचं काम आहे असं मला सांगितलं होतं. चूक माझीच. फॉर्मवर ‘विषय’ असा रकाना होता, समोरच्या यादीत इंजिनं दिसली नाहीत, म्हणून मी तो कोरा सोडला. इंजिनं यादीच्या दुसऱ्या पानावर होती, आणि रकाना कोरा असला तर यंत्र ‘सगळे विषय’ असं समजतं. या दोन्ही गोष्टी मला नंतर कळल्या.

मी मोरेश्वर कोयंडे. पाजवाडीच्या खाडीवर पस्तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली, म्हणून मला सगळे मिस्त्री म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी डिप्लोमा अर्ध्यावर सोडला होता. माझी बायको सुगंधा जन्मभर मागे लागली होती, की तो कागद एकदा पुरा करा. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मग पुण्याला असलेल्या आमच्या मुलीनं, सायलीनं, घरबसल्या शिकवणाऱ्या एका विद्यापीठात माझं नाव घातलं. फोनवर दोन वर्षं इंजिनाचे विषय केले. पुढचं शिक्षण हजर राहूनच घ्यायचं असा नियम होता. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी मी बदली विद्यार्थी झालो.

बदली विद्यार्थ्यांचा जुना त्रास असा, की एका विद्यापीठाचा दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर विश्वास नसतो. मुलांची वर्षं फुकट जायची. त्यावर उपाय म्हणून ही टोपी आली. तिच्या आत चौसष्ट बारीक बटणं असतात आणि ती डोक्याच्या कातडीवरून मेंदूतली वीज मोजतात. समोरच्या पडद्यावर एकेक वाक्य येतं. काही बरोबर असतात, काही मुद्दाम चुकीची. आपण फक्त वाचायचं. उत्तर द्यायचं नाही.

समजा, पडद्यावर आलं, ‘त्यानं इंजिनाच्या टाकीत ताक ओतलं.’ ‘ताक’ या शब्दाशी आपला मेंदू दचकतो. सेकंदाच्या अर्ध्याहूनही कमी वेळात विजेची एक लहर उठते. आपण हसण्याआधी, आपल्याला कळण्याआधी उठते. ज्याला इंजिनात काय घालतात तेच माहीत नाही, त्याच्या डोक्यात काही उठत नाही, ताक आणि डिझेल त्याला सारखंच. अशी हजार वाक्यं दाखवली की माणसाला काय येतं ते कळतं. त्यात घोकंपट्टी चालत नाही आणि कॉपी तर नाहीच. जे येतं त्याचे श्रेयांक मिळतात आणि कुठल्याही विद्यापीठात ते चालतात.

मला जायचं होतं पुण्याच्या तंत्र विद्यापीठात. टोपीचं जवळचं केंद्र होतं आमच्या तालुक्याचं किनारा विद्यापीठ, म्हणून तिथे गेलो इतकंच.

निकालाचा कागद देताना तिथल्या पेडणेकरबाई म्हणाल्या, “काका, इंजिनात शहाण्णव. पुण्याला एका वर्षात पदवी मिळेल तुम्हाला.”

मी कागद घेऊन निघालो.

“थांबा हो. हे खाली काय आहे? खाडीशास्त्र, चौतीस. ते कुठे शिकलात?”

“शिकलो नाही.”

“मग आले कसे?”

“तुमचं यंत्र बिघडलं असेल. उघडून बघू का?”

यंत्र उघडायला त्यांनी दिलं नाही. त्याऐवजी आतून एका प्राध्यापिकेला बोलावून आणलं. डॉ. वैदेही लोटलीकर, वय पस्तीस-छत्तीस, चपलांना वाळलेला चिखल. त्यांनी माझा कागद उभ्या उभ्याच वाचला आणि विचारलं, “काका, तुम्ही खाडीत उतरता?”

“नाही बाई. मला चिखलाची किळस येते. बोट धक्क्याला लागली की मी तिच्यात चढतो, तेवढंच.”

“कालवं कोण काढतं घरात?”

तेव्हा मला उमगलं. मी तिथल्या पायरीवर बसलो.

सुगंधा कालवं काढायची. ओहोटीला खाडीत उतरायची, खडकाला चिकटलेली कालवं कोयत्यानं फोडायची, चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायची, बाजारात विकायची. संध्याकाळी जेवताना त्या दिवसाचं सगळं सांगायची. पाणी कुठवर आलं, चिखल कुठे मऊ झाला, पावसाचं गोडं पाणी उतरल्यावर तिसऱ्या किती खोल गेल्या. मी समोर कुणाच्या तरी इंजिनाचा डिझेल फवारणारा नोझल मांडून साफ करत बसलेला असे. मध्येच ती विचारी, “ऐकतात मा?” मी म्हणे, “हं.” मग ती म्हणे, “कसला हं. लक्ष खय आसा तुमचा?” एकोणतीस वर्षं हे असंच चाललं.

ती गेल्यावर मला सगळ्यात जास्त हेच खात होतं. इतकं बोलली आणि मी सगळं वाऱ्यावर सोडलं असं वाटायचं. आणि आता हे यंत्र सांगत होतं, की सोडलं नव्हतं. चौतीस श्रेयांकांएवढं आत जाऊन बसलं होतं.

मी हसायला लागलो. पेडणेकरबाई घाबरून पाणी घेऊन आल्या.

लोटलीकरबाई मात्र अजून कागदातच होत्या. “काका, अकरा वाक्यांवर तुमचा मेंदू चुकीचा दचकलाय. ती मला जास्त महत्त्वाची वाटतात.”

“का?”

“माणसाच्या चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. तुमच्या अकराच्या अकरा एका रांगेत आहेत. हे वाक्य बघा, ‘तृतीयेला पूर्ण भरती साधारण सव्वादोनला.’ हे बरोबर आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. पण तुमचा मेंदू इथे दचकला.”

मी वाक्य पुन्हा वाचलं. खरंच चुकीचं वाटत होतं. “पावणेचार,” मी म्हणालो. का ते सांगता येईना.

“बरोबर दीड तास उशीर. बाकीच्या दहा ठिकाणीही तेवढाच.” त्यांनी कागदाची घडी केली. “परवा तृतीया आहे. मी येते तुमच्या खाडीवर. आणि खाडीशास्त्राच्या तीन वर्षांच्या पदवीला इथे प्रवेशही मिळेल तुम्हाला.”

संध्याकाळी सायलीचा फोन आला. शहाण्णव ऐकून ती खूश झाली. मग मी चौतीसचं सांगितलं. 

“बाबा, म्हणजे तुम्ही ऐकत होतात?”

“असं यंत्र म्हणतं.”

“आईला कळलं असतं तर तिनं आधी तुम्हाला चांगलं झापलं असतं. ऐकू येत होतं तर बोलायला काय झालं होतं म्हणून.” ती हसत होती, नाक ओढत होती. मग कामाचं बोलली. “पुण्याच्या प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपते. मी खोली रिकामी केलीय. उजेडाची आहे, टेबल पण ठेवलंय.”

“किनारावाले पण घेतात म्हणे मला.”

“खाडी शिकायला? या वयात तीन वर्षं? बाबा, तो कागद पुरा व्हावा ही आईची इच्छा होती. एका वर्षात होतोय.”

तिचं चूक नव्हतं. इंजिनं माझी स्वतःची होती, खाडी सुगंधाची. मी इंजिनांचाच कागद घ्यावा असं सुगंधाला हवं होतं. त्यात मुलगी, उजेडाची खोली, ओळखीचा विषय. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तरी मी दोन दिवस विचार करत राहिलो.

तृतीयेला सकाळी पावणेआठला लोटलीकरबाई विद्यापीठाची छोटी बोट घेऊन आल्या. बोट त्या स्वतःच चालवत होत्या. आमची वाडी खाडीच्या तोंडापासून नऊ किलोमीटर आत. पाऊणपटीच्या हिशेबानं सव्वादोनला भरती, म्हणजे सहा तासांनी सव्वाआठला पूर्ण ओहोटी हवी. धक्क्याच्या पायऱ्या अजून पाण्यात होत्या. चौदा-पंधरा बायका टोपल्या बाजूला ठेवून काठावर बसल्या होत्या आणि पोहे खात होत्या.

“पाणी अजून का नाही उतरलं?” लोटलीकरबाईंनी विचारलं.

हसीना सगळ्यात वयानं मोठी. सुगंधाची तीस वर्षांची जोडीदारीण. ती म्हणाली, “बसा बाई, पोहे खावा. पाणी पावणेधाक उतरतला.”

“पुस्तकात सव्वाआठ आहे.”

“पुस्तक तोंडावर बसान लिवला आसतला. हय नाय.”

लोटलीकरबाईंनी पाण्यात मोजपट्टी रोवली आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहायला सुरुवात केली. मी शेजारी छत्री धरून उभा होतो.

“आणि मिस्त्री आज हय कसे?” बायकांतली पारू म्हणाली. “चिखल लागात हां पायाक.”

“टोपी घातल्यानी म्हणे शाळेत,” दुसरी म्हणाली. “डोक्यात सुगंधा गावली.”

बायका जोरात हसल्या. मीही हसलो. तिचं नाव असं हसत घेतलेलं तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

पावणेदहाला चार मिनिटं कमी असताना पाणी खाली जायचं थांबलं. लोटलीकरबाईंनी आकड्यांखाली रेघ मारली आणि मोजपट्टी तशीच सोडून काठावर बसल्या. त्यांनी मला सांगितलं ते असं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि आतली वाट अरुंद, वळणावळणाची आहे. समुद्र चढतो तेव्हा ते पाणी इथवर पोचायला वेळ लागतो आणि बाहेर पडायलाही. भरतीचं मोजमाप करणारं यंत्र तोंडाशी आहे. आत किती उशीर होतो ते कुणी मोजलंच नव्हतं.

“दोन वर्षं आम्ही इथे कालवांची पिल्लं लावतोय,” त्या म्हणाल्या, “आणि ती मरतायत. किती वेळ पाण्यात आणि किती वेळ उन्हात, हा हिशेब आम्ही तोंडाजवळच्या यंत्रावरून केला होता. सुगंधाकाकूंना विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.”

“बाईनू, हसीनाक विचारा. ती आसा अजून,” हसीना म्हणाली, आणि कोयता घेऊन चिखलात उतरली.

अकराच्या सुमाराला पाणी परत बरंच चढलं आणि लोटलीकरबाई निघाल्या. त्यांनी इंजिन चालू केलं. ते धडधडलं, काळा धूर सोडला आणि बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. मी छत्री मिटून पुढे झालो. तोंड उघडणार इतक्यात टोपली डोक्यावर घेऊन चाललेली हसीना न थांबताच म्हणाली, “नोझल चोंदलो. धूर काळो आसा, पंप बरो आसा.”

बरोबर होतं. मी तेच म्हणणार होतो.

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“सुगंधान. आणखी कोण सांगतला?”

“तिला काय माहीत इंजिनाचं?”

हसीनानं टोपली खाली ठेवली. “ओ मिस्त्री, रोज रात्री तुमी तिका जा सांगी होतात, ता ती सकाळी चिखलात आमका सांगी. पांढरो धूर कधी, काळो कधी, तेलात पाणी गेला तर कसा वळखूचा. कान किटले आमचे. आमी म्हणू, बाय गो, कायतरी घोवाच्या भांडणाचा सांग. तर ही पंप घेवन बसा.”

“मी कधी सांगितलं तिला? मी तर बोलतच नव्हतो.”

“नोझल साफ करताना पुटपुटत बसतात तुमी. ती म्हणी, माझो घोव माझ्याशी बोलत नाय, इंजिनाशी बोलता. मी बाजूक बसान ऐकतंय.”

मी नोझल काढला, साफ केला, परत बसवला. हात आपोआप चालले होते. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. आमच्या घरात दोघंही एकमेकांचं ऐकत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की आपलं कुणी ऐकत नाही. दुःख करावं अशी ही गोष्ट होती खरी. मला मात्र इतका आनंद झाला होता, की लोटलीकरबाईंनी दोनदा विचारलं, काका, बरं वाटतंय ना?

दुपारी मी सायलीला फोन केला.

“किनाराला जातो मी.”

“आईची इच्छा, बाबा?”

“ती इंजिनांचा कागद मागत होती, कारण मला दुसरं काही येतं असं तिला वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.”

“म्हणून तीन वर्षं?”

“ऐक. टोपीनं सांगितलं की मी तिचं सगळं ऐकलं. पण मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. एकोणतीस वर्षांत एक सुद्धा. हं म्हणत राहिलो. आता सारखे प्रश्न पडतात आणि विचारायला ती नाही. पुण्याला मला जे येतं ते येतं असा कागद मिळेल. इथे मला विचारता येईल.”

सायलीनं विचारलं, “मग त्या टेबलाचं काय करू?”

“राहू दे. सुट्टीत येईन, तेव्हा अभ्यासाला लागेल.”

“नापास झालात तर मी कुणाला सांगणार नाही,” ती म्हणाली, आणि त्यावरून मला कळलं की तिला पटलं.

शुक्रवारी प्रवेशाचा अर्ज भरायला बसलो आणि नवीनच घोळ झाला. श्रेयांकांपुढे ‘पूर्वीच्या संस्थेचं नाव’ लिहायचं होतं. मी लिहिलं, सुगंधा मोरेश्वर कोयंडे, पाजवाडी. पेडणेकरबाईंनी ते संगणकात घातलं. संगणकानं लाल चौकट दाखवली आणि संस्थेचा क्रमांक मागितला.

“ही संस्था नाही, काका. व्यक्ती आहे.”

“शिकवलं तिनं. मग काय लिहू?”

“स्वाध्याय लिहा.”

“स्वाध्याय कसा? मी तर नोझल पुसत होतो.”

त्या उठून लोटलीकरबाईंकडे गेल्या, लोटलीकरबाई कुलसचिवांकडे. कुलसचिव चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. त्यांनी मला एकच विचारलं, “या संस्थेतून आणखी कुणी शिकून बाहेर पडलं आहे का? एकाच विद्यार्थ्यासाठी नवा क्रमांक देता येत नाही. नियमात किमान दहा लागतात.”

“दहा कशाला,” मी म्हणालो, “चौदा आहेत. पण त्या आत्ता बाजारात असतील.”

त्या सोमवारी आल्या. टोपल्यांसकट आल्या, कारण तिथून थेट बाजारात जायचं होतं. पेडणेकरबाईंच्या खोलीत चार दिवस तिसऱ्यांचा वास राहिला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी वाक्यं बोलून ऐकवायची सोय टोपीत होतीच. पारूनं टोपी घालून आरशात पाहिलं आणि आपला फोटो काढून घेतला. टोपी केसांवर नीट बसेना म्हणून हसीनानं अंबाडा सोडला. आणि विषयाचा रकाना सगळ्यांनी कोरा ठेवला. तेवढं मी त्यांना शिकवलं होतं.

निकाल आले. खाडीशास्त्रात हसीना एक्याऐंशी. पारू त्रेसष्ट. सगळ्यात कमी बावन्न. शिवाय डिझेल इंजिनात प्रत्येकीला काही ना काही मिळालं, हसीनाला सतरा. ते सतरा बघून मला माझ्या शहाण्णवपेक्षा जास्त बरं वाटलं.

चौदापैकी नऊ जणींनी प्रवेश घेतला. बाकीच्या म्हणाल्या, बघू, पुढच्या वर्षी. संस्थेला क्रमांक मिळाला. तासांच्या वेळा ओहोटी सांभाळून ठरवल्या, पाऊणपट अधिक दीड तास या हिशेबानं.

पहिल्या दिवशी लोटलीकरबाईंनी हजेरी घेतली. मी पहिल्या वर्षात, कारण माझे चौतीसच. हसीना तिच्या एक्याऐंशींवर थेट तिसऱ्या वर्षात बसायची होती, पण तो पहिला तास तिन्ही वर्षांचा एकत्र होता. ती माझ्या मागच्या बाकावर बसली आणि शेजारच्या कॉलेजच्या मुलींना सांगायला लागली, “ह्यो आमच्या संस्थेचो. सगळ्यात ढ.”

तास संपत आला तेव्हा बाईंनी विचारलं, कुणाला काही शंका?

मी हात वर केला.  “बाई, आमच्या वाडीसमोर दोन खडक आहेत. एकाच उंचीचे, एकाच पाण्यात. डावीकडच्यावर कालवं गच्च धरतात. उजवीकडच्यावर एकही धरत नाही. का?”

लोटलीकरबाईंनी थोडा विचार केला. “माहीत नाही,” त्या म्हणाल्या आणि माझ्या मागे बघितलं. “हसीनाताई?”

मी वळून पाहिलं. हसीना पहिल्यांदाच गंभीर झाली होती. “ता सुगंधाक पण म्हायत नव्हता,” ती म्हणाली. “लय वर्षां विचार करी ती त्याचो.”

 सगळे माझ्याकडे बघत होते. मी नवी वही उघडली, पहिल्या ओळीवर तो प्रश्न लिहिला आणि बाईंना विचारलं, उद्याची ओहोटी किती वाजता.

“तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या.

मी सांगितली. मागून हसीना म्हणाली, “बरोबर.”